नाव यादीत आलं म्हणजे घर झालं असं नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घरकुल योजनेवर झालेल्या भाषणाचा मजकूर. सभेला न आलेल्या सख्यांसाठी इथे देत आहोत.)



मला बोलायला सांगितलंय घरकुलावर. योजनेची माहिती देणारच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. कारण ती चूक तुमच्यापैकी कुणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच मी इथे उभी आहे.

आमच्या गटात एक ताई आहे. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला वेगळं काढलं. दोन लेकरं घेऊन ती गावातच पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहते. भाडं महिन्याला 700 रुपये. तुम्ही म्हणाल, सातशे म्हणजे काय फार? वर्षाचे होतात 8,400. सहा वर्षं झाली तिला तिथे. म्हणजे 50,400 रुपये गेले, आणि हातात एक वीट नाही. हा हिशोब आम्ही गटाच्या बैठकीत मांडला तेव्हा ती बाई गप्पच झाली. तिने स्वतः कधी बेरीज केलीच नव्हती.

या ताईचं नाव प्रपत्र ड च्या यादीत होतं. यंदाच्या फेब्रुवारीत तिचा नंबर लागला. सगळ्यांना आनंद झाला. मग कुणीतरी विचारलं, जागा कुठाय? जागा तर नाही. तेव्हा तिला सांगण्यात आलं की, जागा नसेल तर ‘घरकुल नको’ असं लिहून द्या, म्हणजे पुढच्या माणसाला देता येईल, उगाच कोटा कशाला अडवता? ती माझ्याकडे आली. मी गटाची सचिव. मला वाटलं, खरंच आहे, जागाच नाही तर घर बांधणार कशावर? आणि तो अर्ज मी लिहून दिला. माझ्या हाताने. तिने खाली सही केली. जी सही आम्हीच तिला गटात शिकवली, त्याच सहीने तिने स्वतःचं घर नाकारलं.

पंधरा दिवसांनी बैठकीत आमच्या सीआरपी ताईंनी विचारलं, काय लिहिलंय त्या अर्जात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, जागा घ्यायलासुद्धा सरकार पैसे देतं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं बघा.

तर आज मी ज्या गोष्टी सांगणार आहे, त्या मला फेब्रुवारीत माहीत असायला हव्या होत्या.

पहिली गोष्ट, भाड्याची. पुष्कळ बाया विचारतात, ताई, भाडं भरायला सरकारकडून काही मिळतं का? गावात महिन्याच्या महिन्याला भाड्याचे पैसे हातात देणारी योजना नाही. शहरासाठी जी प्रधानमंत्री आवास योजना आहे, तिचा दुसरा टप्पा 2024 साली सुरू झाला. त्यात कामासाठी आलेल्या लोकांसाठी, नोकरी करणाऱ्या बायांसाठी परवडणारी भाड्याची घरं बांधायचा एक भाग आहे. पण तिथेही घर मिळतं ते भाड्याने, खात्यावर भाडं जमा होत नाही. तेव्हा ‘भाड्याच्या योजनेचा फॉर्म भरतो, पाचशे रुपये द्या’ असं म्हणत कुणी दारात आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. पण एक लक्षात ठेवा. गावात भाड्याने राहणारी बाई म्हणजे स्वतःचं घर नसलेली बाई. आणि बेघर कुटुंब तर घरकुलाच्या रांगेत पुढे असायला पाहिजे. भाड्याने राहते म्हणून तिचा हक्क जात नाही, उलट आणखी पक्का होतो.

आता घरकुल. आधी इंदिरा आवास होतं, ते 1985 पासून. 2016 साली त्याची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण झाली. सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. शंभरातले साठ रुपये केंद्राचे, चाळीस राज्याचे. घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या भाषेत 269 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट.

यादीचं समजून घ्या. जुनी यादी 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेवरून झाली, तिला आपण प्रपत्र ब म्हणतो. तिच्यातून जे सुटले त्यांचा 2018 साली सर्व्हे झाला, ती प्रपत्र ड. आणि आता 2025 मध्ये मोबाईलवरून नवा सर्व्हे झाला, त्यात चेहऱ्याचा फोटो काढून ओळख पटवतात. या सर्व्हेची मुदत वाढत वाढत गेली. पण तो सुरू झाला तो जानेवारीत. जानेवारीत आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या बाया कुठे असतात? कारखान्यावर, कोपीत. म्हणजे ज्यांना पाऊस लागला की ताडपत्री धरून रात्र काढावी लागते, त्याच बाया घराच्या सर्व्हेला गावात नव्हत्या. म्हणून प्रत्येक ग्रामसंघाने हे काम करायचंय. आपल्या गावातून तोडीला गेलेल्या जोड्यांची नावं लिहून काढा, आणि त्यांचं नाव सर्व्हेत आलंय का ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर ग्रामसभेत लेखी मांडा आणि अर्जाची पोच घ्या.

आता, कुणाला मिळत नाही? यावर गावात लई अफवा आहेत. पूर्वी मोटरसायकल असली, फ्रीज असला तरी नाव कटायचं. त्या अटी 2024 मध्ये काढल्या. आता घरात दुचाकी आहे म्हणून कुणी तुम्हाला अपात्र म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. राहिलेल्या अटी अशा: तीन किंवा चार चाकी गाडी असेल, ट्रॅक्टरसारखं शेतीचं यंत्र असेल, किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजार किंवा त्याच्या वर असेल, घरात सरकारी नोकर असेल, कुणी महिन्याला 15 हजारांपेक्षा जास्त कमवत असेल, कुणी आयकर किंवा व्यवसाय कर भरत असेल, सरकारकडे नोंदलेला बिगरशेती उद्योग असेल, अडीच एकर किंवा जास्त बागायत असेल, नाहीतर पाच एकर किंवा जास्त जिरायत असेल, तर मिळत नाही. पक्कं घर आधीच असेल तरी मिळत नाही. पुन्हा सांगते, मर्यादा 50 हजार म्हणजे कार्डाची मर्यादा, उचललेलं कर्ज नाही. हे तपासून घ्या.

आणि फक्त हीच एक योजना नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास आहे. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आवास, पारधी समाजासाठी पारधी आवास. भटक्या विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. इतर मागासवर्गासाठी 2023 साली मोदी आवास आली. एका यादीत नाव नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. दुसरं दार वाजवून बघा.

आता जागेचं. जे मला माहीत नव्हतं ते हेच. यादीत नाव आहे, पण जागा नाही, अशा कुटुंबासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाखापर्यंत मिळतात. जागा लाखाच्या आतली असेल तर जेवढी किंमत तेवढेच. प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीत जातो. म्हणून बायांनो, ‘जागा नाही’ हे घरकुल नाकारायचं कारण नाही. ते जागेचा अर्ज करायचं कारण आहे. आणि ‘घरकुल नको’ असल्या कागदावर सही करायची नाही. कुणी कितीही घाई केली तरी म्हणायचं, कागद घरी नेते, गटात वाचते, मग सांगते.

मग आमच्या त्या ताईचं पुढे काय झालं? आम्ही आठजणी पंचायत समितीत गेलो. नवा अर्ज दिला की, जागेच्या योजनेची माहिती नव्हती म्हणून नकार लिहून दिला, तो मागे घेते, मला घर पाहिजे. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, एकदा नकार दिला की दिला. तिसऱ्यांदा आम्ही पोच मागितली. शिक्का आणि तारीख असलेली पोच. पोच हातात आली आणि बोलण्याचा सूर बदलला. 1 मेच्या ग्रामसभेला गावातल्या सगळ्या गटांच्या बाया आल्या. एरवी आम्ही सह्या करून घरी जायचो, त्या दिवशी ठराव लिहून होईपर्यंत जागच्या हललो नाही. कुणाला अपात्र ठरवायचं तर ग्रामसभेत कारण नोंदवावं लागतं, आणि ते मान्य नसेल तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येतं, हे आम्ही तोवर शिकलो होतो. तिचं नाव राहिलं.

जुलैत गावठाणातली 450 चौरस फूट जागा घेतली, 95 हजाराला. दस्ताचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून केला. आजच्या तारखेला जोतं झालंय. छत अजून नाही. अजून ती सातशे रुपये भाडं भरतेच आहे. मी काही ‘गोड शेवट’ सांगायला आलेली नाही. पण रोज संध्याकाळी तिची लेकरं त्या जोत्यावर अभ्यासाला बसतात.

आता पैशाचा हिशोब मांडू, कारण खरी फसगत इथे होते. वहीत लिहून घ्या.

घरकुलाचे 1,20,000. रोजगार हमीतून आपल्याच घराच्या कामावर 90 दिवसांची मजुरी मिळते, डोंगरी भागात 95 दिवसांची. 2025-26 चा दर 312 रुपये होता. नव्वद गुणिले 312, म्हणजे 28,080. पण त्यासाठी जॉबकार्ड पाहिजे आणि रोजगार सेवकाने हजेरीपट काढला पाहिजे. कितीतरी बाया हे पैसे मागतच नाहीत. आधी शौचालयाचा लाभ घेतला नसेल तर त्याचे 12,000. झाले 1,60,080. राज्य सरकारने 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर घातली. त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. नुसते बांधकामाचे 35 हजार धरले तरी 1,95,080. शिवाय घरकुलासाठी 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं धोरण आहे. वाळूचा पास तहसीलकडून मिळतो, तो अर्ज जोतं खणायच्या आधीच करा.

आता तुम्हीच सांगा, दोन लाखांत केवढं घर होतं? म्हणून आधी 269 फुटांचंच बांधा. आपल्याकडे काय होतं? पहिला हप्ता 15 हजार येतो, आणि घरधनी म्हणतो, एकदाच बांधायचंय तर मोठंच बांधू. जोतं सहाशे फुटांचं घेतात. सगळा पैसा जोत्यात जातो, भिंती खिडकीपर्यंत येतात आणि थांबतात. वर पळसाची रोपं उगवतात. माझ्या माहेरी अशी दोन घरं आहेत. छोटं पूर्ण घर हे मोठ्या अर्ध्या घरापेक्षा कधीही चांगलं. पायऱ्या नंतर काढा, खोली नंतर जोडा, आधी डोक्यावर छप्पर घ्या.

हप्ता येतो तो काम बघून. जोत्याचा फोटो, मग छज्जाचा, मग पूर्ण घराचा. फोटोत तुम्ही स्वतः उभ्या पाहिजेत आणि फोटो त्याच जागेवर काढलेला पाहिजे. तो काढायला ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येतात. त्यांनी येण्यासाठी किंवा हप्ता सोडण्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. फॉर्मला, फोटोला, हप्त्याला कशालाच पैसे लागत नाहीत. मागणाऱ्याला एवढंच म्हणा, पावती देता का? आणि ग्रामसंघाला सांगा. एकटी बाई गेली की तिला दहा चकरा मारायला लावतात. आम्ही आठजणी गेलो तेव्हा तीन चकरांत काम झालं.

घर मंजुरीपासून बारा महिन्यांत पूर्ण करायचं असतं. आणि दसरा झाला की आपल्या टोळ्या निघणार. म्हणून तोडीला जाणाऱ्या बायांसाठी हे खास सांगते. जायच्या आधी तुमचं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा, झालेल्या टप्प्याचा फोटो काढून घ्या, अभियंत्यांना लेखी सांगून जा. बँकेचं खातं चालू आहे का, आधारशी जोडलंय का, पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे बघा. एका अक्षराच्या फरकाने हप्ता परत जातो. आणि मुकादमाची उचल हप्त्यातून फेडू नका. हप्ता घराचा आहे. उचलीचं दुखणं वेगळं आहे, त्यावर आपण गटात वेगळं बोलू.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. घर कुणाच्या नावावर?

या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या जोड नावावर मंजूर करायचं असतं. मंजुरीपत्रावर तुमचं नाव असतं, खात्यावर पैसे येतात, तुम्ही खूश. पण घर बांधून झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नोंद कुणाची होते? बऱ्याच वेळा मुकाट्याने घरधन्याची. का? कारण जागेचा जुना उतारा सासऱ्याच्या नावावर, मग घर ‘आपोआप’ मुलाच्या नावावर. यात घरधन्यांचा कावा असतो असं मी म्हणत नाही. कुणी विचारतच नाही, म्हणून होतं.

आपल्या महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीच्या आंदोलनात सातबाऱ्यावर बाईचं नाव लावलं. आणि 2003 सालीच राज्य सरकारने सांगितलंय की, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवराबायको दोघांची नावं लावायची. घर दोघांचं. म्हणजे हे काही आपण नवीन मागत नाही. फक्त जाऊन लावून घ्यायचंय.

तुम्ही म्हणाल, नाव लावलं नाही म्हणून काय बिघडतं, संसार तर चाललाय. आमच्या त्या ताईचा संसारही चाललाच होता. सासरच्या घराच्या भिंतींना तिने दर दिवाळीला सारवलं होतं, मांडणीवर तिची भांडी होती. नवरा गेल्यावर महिन्याभरात तिला कळलं की, त्या घराच्या एकाही कागदावर तिचं नाव नाही. तिचा कायद्याने हक्क होता, तरी भांडायला तिच्याकडे ना कागद होता, ना पैसा, ना माणसं. म्हणून सातशे रुपयांची खोली. आता नव्या जागेच्या दस्तावर तिचं एकटीचं नाव आहे. सही करताना तिचा हात थरथरत होता. या वेळी तिने आधी सगळा दस्त वाचून घेतला, मग सही केली. मी शेजारीच उभी होते.

तर मी आपल्या प्रभागसंघापुढे तीन गोष्टी ठेवते. तुम्हाला पटल्या तर आजच ठराव करू.

एक, प्रत्येक ग्रामसंघाने गावात भाड्याने राहणाऱ्या, जागा नसलेल्या आणि एकल बायांची यादी महिन्याभरात करायची, आणि त्यांचं नाव कोणत्या घरकुल यादीत आहे ते तपासायचं.

दोन, कोणत्याही बाईने घराच्या कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी तो कागद गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा. सचिवाने एकटीने लिहून द्यायचा नाही. मी लिहून दिला होता, म्हणून सांगते.

तीन, पुढच्या वर्षी या सभेला येताना प्रत्येकीने एक कागद घेऊन यायचं. आपल्या राहत्या घराचा नमुना 8 चा उतारा. नाव कुणाचं आहे ते आपण इथे उघडपणे बघू. ज्या घरात नाव नाही, तिथे पुढच्या वर्षभरात कसं लागेल ते ठरवू.

माझंही सांगते. माझ्या घराचा उतारा मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा काढला. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यावर माझं नाव नाही. अर्ज केलाय, पोच घेतलीय. घरी जेवताना मालकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, मला वाटलं आधीपासून आहेच की.

असंच असतं बायांनो. सगळ्यांना वाटत असतं की आहेच. कागद काढून बघा.

जय जिजाऊ, जय सावित्री.